आडनावातले गाव

गेल्या वर्षी आम्हांस काही दिवस जर्मनीत राहण्याचा योग आला. फ्रँकफुर्टच्या विमानतळावरून माइन्झच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीत बसले, की थोड्याच वेळात माइन नदीच्या डाव्या तीरावर र्युसेल्सहाइम हे गाव लागते. मोटारींच्या कारखान्यामुळे ते जगास ठाऊक झाले आहे. आपल्या बेने इस्राएल समाजातील एक कुटुंब नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाले असून त्यांच्याच घरी आमचा मुक्काम होता. त्या देशात इमारतीच्या दाराशी घंटांची ओळ असते आणि प्रत्येक घंटेशेजारी त्या त्या बिऱ्हाडाचे आडनाव लिहिलेले असते. आम्ही वाचीत गेलो. जर्मन नावे, तुर्की नावे, इटालियन नावे. आणि खालून दुसरे, आपल्या कोकणातील एका लहानशा गावाचे नाव, पुढे 'कर' लावलेले! समुद्राकाठचे ते खेडे आम्ही लहानपणी पाहिलेले. दहा-वीस नारळ, एक विहीर आणि कधी काळी तेथे आपल्या लोकांचा घाणा फिरत असे म्हणून दाखविली जाणारी एक जागा, एवढीच त्याची ओळख. त्या खेड्याचे नाव माइन नदीच्या काठी रोमन अक्षरांत वाचताना आमचे पाऊल क्षणभर दाराशीच थबकले.

त्याच रात्री जेवताना यजमानांचा थोरला मुलगा म्हणाला, "काका, मला इंग्लंडात नोकरी मिळाली आहे. तिकडे जाण्यापूर्वी हे आडनाव बदलून टाकावे म्हणतो. येथे कोणालाही ते धड उच्चारता येत नाही. पणजोबांचे नाव सॅम्युएल होते, तेच आडनाव म्हणून लावीन. सुटसुटीत आहे आणि इंग्रजीही आहे."

वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पाहुणे, ताटावर बसून वाद घालणे शोभले नसते, म्हणून त्या वेळी हसून विषय टाळला. परंतु हा प्रश्न एका घरचा नाही. लोद असो, दिमोना असो, अश्दोद असो, आपल्या घरोघरी तरुण मुले हाच प्रश्न विचारीत आहेत, आणि आपण वडीलधारी माणसे बहुधा दोनच उत्तरे देतो. एक तर "छे, असले काही बोलू नकोस" म्हणून दटावतो. नाही तर "तुझी मर्जी" म्हणून हात झटकतो. दोन्ही उत्तरांत विचार नाही. म्हणून त्या रात्री जे बोललो नाही ते आज येथे लिहीत आहोत.

प्रथम 'इंग्रजी' आडनाव म्हणजे काय ते पाहू. आपल्या भारतातील वडीलधाऱ्यांना ज्या दोन इंग्रजी आडनावांची विशेष ओळख आहे, ती दोन्ही पर्वताची आहेत: माँटेग्यू आणि माऊंटबॅटन. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण शाळेत पाठ केल्या आणि १९४७ साली शेवटचा व्हाइसरॉय म्हणून माऊंटबॅटन भारतात आले. या दोन नावांइतकी अस्सल इंग्रजी नावे दुसरी कोणती, असे कोणासही वाटेल. परंतु जरा खणून पाहावे.

माँटेग्यू हे आडनाव मूळचे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील. त्याचा अर्थ टोकदार डोंगर. १०६६ साली नॉर्मन सैन्याने इंग्लंड जिंकले, त्यांच्यासोबत आपल्या गावाचे नाव घेऊन जी सरदार घराणी आली त्यांपैकी हे एक. म्हणजे तेही त्यांचे 'कर'च म्हणावयाचे! पुढे हे नाव इंग्लंडात खानदानी समजले जाऊ लागले. आता गंमत पाहा. १८३२ साली लिव्हरपूल शहरी एका यहुदी घराण्यात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव माँटेग्यू आणि आडनाव सॅम्युएल. बालपणीच या नावांची उलटापालट होऊन तो सॅम्युएल माँटेग्यू झाला. तो मोठा पेढीवाला आणि उमराव झाला, आणि त्याचाच पुत्र एडविन माँटेग्यू हा भारतमंत्री. या पेढीवाल्याच्या थोरल्या भावाने मात्र घराण्याचे सॅम्युएल हेच आडनाव चालू ठेवले. त्याचा पुत्र हर्बर्ट सॅम्युएल. म्हणजे दोघे चुलतभाऊ. एक माँटेग्यू, दुसरा सॅम्युएल. १९१७ साली बॅलफोर जाहीरनाम्याचा विचार चालला असता ब्रिटिश मंत्रिमंडळातील ज्या एका यहुदी मंत्र्याने त्यास कडाडून विरोध केला तो एडविन माँटेग्यू. आणि १९२० साली पॅलेस्टाइनचा पहिला हायकमिशनर म्हणून जो येरुशलायमास आला तो हर्बर्ट सॅम्युएल. आडनाव बदलले म्हणून मन बदलले, असा स्वस्त निष्कर्ष आम्ही यातून काढीत नाही. हर्बर्टचे मन आडनावाने घडविले नाही आणि एडविनचेही नाही. एवढेच सांगावयाचे, की ज्या सॅम्युएल नावास आमचा तरुण मित्र इंग्रजी समजतो तेच नाव इंग्लंडातील एका यहुदी घराण्याच्या एका शाखेने मागे ठेवले, आणि जे नाव पुढे केले ते फ्रान्सच्या एका डोंगराचे होते.

माऊंटबॅटन या आडनावाचे मूळ तर र्युसेल्सहाइमच्या जुन्या राज्यातच सापडते. त्या काळी हे गाव हेसच्या ग्रँड डचीत मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी डार्मश्टाट येथून जवळच आहे. तेथील राजकुलातील अलेक्झांडर या राजपुत्राने १८५१ साली आपल्या दर्जाच्या नसलेल्या मुलीशी विवाह केला. तिला आणि तिच्या मुलांना राजकुलाचे नाव देता येईना, म्हणून हेसमधील बाटेनबेर्ग या लहान गावाचे नाव त्यांना देण्यात आले. त्यांचा पुत्र लुई इंग्लंडच्या आरमारात दाखल झाला आणि १९१२ साली त्या आरमाराचा मुख्य अधिकारी झाला. १९१४ साली जर्मनीशी युद्ध पेटताच लोकांस त्याचे जर्मन कूळ आठवले आणि त्यास पद सोडावे लागले. जुलै १९१७ मध्ये, इंग्लंडच्या राजानेच आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले त्या सुमारास, बाटेनबेर्गचेही भाषांतर करण्यात आले. 'बेर्ग' म्हणजे पर्वत. तो उचलून इंग्रजीत पुढे लावला आणि झाले माऊंटबॅटन! लुईचा धाकटा पुत्र तो आपला व्हाइसरॉय. लुईच्या नातवाने, राजपुत्र फिलिपने, १९४७ साली ब्रिटिश नागरिक होताना आईच्या माहेरचे हेच नाव घेतले. आणि १९६० साली इंग्लंडच्या राणीने आपल्या काही वंशजांसाठी माऊंटबॅटन-विंडसर हे जोडनाव जाहीर केले. हेसमधील एका गावठाणाचे नाव अशा रीतीने इंग्लंडच्या राजवाड्यापर्यंत पोहोचले.

या कुटुंबातील एका स्त्रीचे स्मरण आपण इस्रायलमधील लोकांनी अवश्य ठेविले पाहिजे. फिलिपची आई अ‍ॅलिस. ती जन्माने बाटेनबेर्ग. ग्रीसच्या राजपुत्राशी १९०३ साली तिचा विवाह झाला, त्यामुळे १९१७ च्या नामांतराचा तिला स्पर्श झाला नाही; ती कधीच माऊंटबॅटन झाली नाही. तिला ऐकू येत नसे. अथेन्स शहर जर्मनांच्या ताब्यात असताना कोहेन नावाच्या यहुदी कुटुंबातील विधवा आईला आणि तिच्या मुलांना तिने आपल्या घरात लपवून ठेवले आणि वाचविले. १९६९ साली ती मरण पावली. तिच्या इच्छेनुसार १९८८ साली तिची शवपेटी येरुशलायमास आणून जैतून पर्वतावरील चर्चमध्ये ठेवण्यात आली. १९९३ साली याद वाशेमने तिला जगातील नीतिमान राष्ट्रीयांत स्थान दिले आणि पुढील वर्षी तिचा पुत्र फिलिप तो सन्मान स्वीकारण्यासाठी येथे आला. बाटेनबेर्ग हे नाव इंग्लंडात लाजेचे ठरले होते. तेच नाव घेऊन जन्मलेली स्त्री आमच्या डोंगरावर सन्मानाने विसावली आहे. नावाला मान किंवा लाज चिकटते ती नावामुळे नव्हे, ते धारण करणाऱ्याच्या करणीमुळे, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता यहुदी नावांकडे वळू. र्युसेल्सहाइमहून ऱ्हाइन नदीच्या काठाने थोडे दक्षिणेस गेले की ओपेनहाइम नावाचे गाव लागते. ओपेनहाइमर म्हणजे त्या गावचा. जर्मन भाषेतील हा 'अर' आणि आपला 'कर' यांत काडीचा फरक नाही. ओपेनहाइमचा तो ओपेनहाइमर, फ्रँकफुर्टचा तो फ्रँकफुर्टर. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. जर्मन 'हाइम' म्हणजे घर किंवा वस्ती. आमचे केहीमकर वाचक म्हणतील, मग आमच्या गावाच्या नावातही 'हीम' आहेच! तो निव्वळ योगायोग आहे. कृपा करून त्यावरून कोणी नवा इतिहास रचू नये.

जर्मन यहुद्यांची ही आडनावे काही घराण्यांत फार जुनी आहेत, परंतु सर्वसामान्य यहुदी माणूस शतकानुशतके 'अमुक बेन तमुक' एवढ्यावरच ओळखला जाई. १७८७ साली ऑस्ट्रियाच्या बादशहाने, १८०८ साली नेपोलियनने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हेसच्या राज्यानेही यहुद्यांना कायमचे आडनाव घेण्याची सक्ती केली. कर वसूल करावयाचा, सैन्यात भरती करावयाची, तर प्रजेची यादी हवी आणि यादीसाठी आडनाव हवे, असा तो हिशेब. कित्येकांनी आपले किंवा वाडवडिलांचे गाव आडनावात घातले. मग ती गावे जगभर चालू लागली. र्युसेल्सहाइमच्या समोर, नदीच्या पैलतीरी, फ्लर्सहाइम आहे. याच नावाच्या एका यहुदी घराण्याने १८९२ साली शिकागोत जोड्यांचा कारखाना काढला आणि आज हे नाव बुटांच्या तळव्यांवर वाचावयास मिळते. फ्रीडबेर्ग या हेसमधील गावी १८८० साली जन्मलेला अर्न्स्ट ओपेनहाइमर लंडनमार्गे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि हिऱ्यांच्या व्यापाराचा राजा झाला. हानाऊ गावाहून न्यूयॉर्कला गेलेल्या दुसऱ्या एका ओपेनहाइमरचा पुत्र रॉबर्ट हा अणुबाँबच्या निर्मितीत अग्रभागी होता. या दोघांपैकी कोणाचाही जन्म ओपेनहाइम गावी झालेला नव्हता. पूर्वज केव्हाच तेथून निघाले होते. गाव सुटले, नाव सुटले नाही.

आणि आपण? आपली गोष्ट यांच्याहून वेगळी आहे आणि, आम्ही अभिमानाने म्हणू, अधिक चांगली आहे. आपल्याला 'कर' लावण्याची आज्ञा कोणत्याही बादशहाने केली नाही. कुलाबा जिल्ह्यात, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, आपले पूर्वज गावोगाव विखुरले. तेल गाळीत, शब्बाथ पाळीत, म्हणून शनिवार तेली म्हणविले गेले. शेजारचा ब्राह्मण, शेजारचा मराठा, शेजारचा कोळी ज्या रीतीने गावाचे नाव लावीत असे त्याच रीतीने आपणही लावले. दिवेकर, पेणकर ही आडनावे हिंदू शेजाऱ्यांतही आहेत आणि आपल्यांतही. या सामाईक आडनावांत एक मोठी साक्ष दडलेली आहे: आपण तेथे परके म्हणून नव्हे, गावकरी म्हणून राहिलो.

त्या काळी आपली स्वतःची नावेही मराठीत भिजली होती. शमुएलचा सामाजी झाला, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात ज्यांनी बांधले ते कंपनी सरकारच्या पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधले अशी आपल्यांत परंपरा आहे. पुढे तेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून लिहिले गेले आणि मुंबईत त्यांच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट झाली. मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, इंग्रजांच्या पलटणी, रेल्वे आणि कचेऱ्या आल्या. सामाजीचा सॅम्युएल, मुसाजीचा मोझेस झाला. कचेरीतील साहेबाला दोनच नावे लिहिण्याची सवय. तिसरे, गावाचे नाव, कागदाबाहेर पडले आणि बापाचे किंवा आज्याचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले.

याची उदाहरणे थोर माणसांतही आहेत. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर एलिजा मोझेस हे राजपूरकर; त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मी-वरळीच्या बाजूस आहे, परंतु पाटीवर राजपूरकर नाही. इंग्रजी काव्यात ज्यांनी कीर्ती मिळविली ते निसीम इझिकेल तळकर घराण्यातले. चित्रपटांतून घरोघर पोहोचलेले डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्यांनी तर एकच नाव ठेवले. या मंडळींचा मोठेपणा आडनाव गळाल्याने उणावला नाही. परंतु एक गोष्ट घडली. रेवदंड्याजवळच्या चौलच्या मुलाला हे ठाऊकच नाही, की पडद्यावरील तो हसरा म्हातारा आपल्या गावचा होता. आणि मुंबईत त्या रस्त्याने जाणाऱ्यास कळत नाही, की हा मोझेस कोठून परदेशातून आलेला नसून समोरच्या खाडीपलीकडचाच होता. परके समजले जाण्याची सोय अशी आपण आपल्या हातांनी करून दिली.

इस्रायलात आल्यावर तिसरी लाट आली. या देशाचे पहिले पंतप्रधान स्वतः ग्रूनचे बेन गुरियन झाले होते आणि राज्य स्थापन झाल्यावर अधिकाऱ्यांनी हिब्रू नावे घ्यावीत असा त्यांचा आग्रह होता. त्यामागील भावना आम्ही समजू शकतो. सक्तीने मिळालेली जर्मन, रशियन नावे टाकून पूर्वजांच्या भाषेत परतण्याची ती ओढ होती. ज्यांनी आपल्यांपैकी त्या ओढीने हिब्रू नाव घेतले त्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्या पवित्र शास्त्रातच अब्रामचा अब्राहाम झाला आणि याकोबचा इस्राएल झाला. ज्या नावाने आपण स्वतःस बेने इस्राएल म्हणवितो तेच मुळी बदललेले नाव आहे! नाव बदलणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या कारणाने बदलले.

वडीलधाऱ्यांना १९६२ ते १९६४ ही वर्षे आठवत असतील. विवाहनोंदणीच्या वेळी आपल्या लोकांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश धर्मपीठाकडून निघाला होता. ज्यांनी दोन हजार वर्षे शेमा म्हटला त्यांना, तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारण्यात आले. १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलायमात आपले लोक बायकामुलांसह धरणे धरून बसले आणि ऑगस्टमध्ये आपली नावे त्या आदेशातून वगळण्यात आली. तेव्हा आपल्याजवळ काय होते? वंशावळीचे छापील ग्रंथ घरोघरी नव्हते. होते ते एवढेच: आजी कोणत्या गावची, तिचे माहेर कोणाकडचे, तिचा भाऊ कोणत्या गावच्या मुकादमाचा जावई. नवगावकरांची मुलगी झिराडकरांकडे दिली, झिराडकरांची आवासकरांकडे. गावांच्या आडनावांवरच ही सोयरीक लक्षात राहिली होती. सगळेच सॅम्युएल, सगळेच बेंजामिन, सगळेच सॉलोमन झाले असते तर कोणाचा कोण हे सांगणे आपल्यालाच कठीण गेले असते. ज्यास आपण ओझे म्हणतो तेच 'कर' त्या दिवशी आपल्या उपयोगी पडले.

आता पुन्हा र्युसेल्सहाइमकडे येऊ. तेथील माइन्झर रस्त्यावर जुन्या सिनेगॉगची वास्तू अद्याप उभी आहे. यजमानांसोबत आम्ही तेथे गेलो आणि दारासमोर थोडा वेळ उभे राहिलो. जेथे शब्बाथला त्या गावचे यहुदी प्रार्थना करीत तेथील समाज उरला नाही. त्या ठिकाणी आम्हांस एक गोष्ट आठवली. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी सरकारने फर्मान काढले, की ज्यांची नावे सरकारच्या यादीप्रमाणे ओळखता येण्याजोगी यहुदी नाहीत अशा प्रत्येक यहुदी पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावात 'इस्राएल' आणि प्रत्येक स्त्रीने 'सारा' हे नाव घालावे. ओळखपत्रावर, टपालाच्या पाकिटावर, कचेरीतील अर्जावर. छळणाऱ्याने हुडकून काढावे म्हणून लादलेले नाव! त्याच वर्षी कोकणात कोणी म्हातारे गृहस्थ पारावर बसून, आम्ही बेने इस्राएल, असे आपण होऊन सांगत होते आणि शेजारी त्यांना त्याच नावाने मान देत होते. एकाच शब्दाची ही दोन नशिबे. म्हणून आम्ही म्हणतो, जे नाव कोणी आपल्यावर लादले नाही, ज्यासाठी कोणी आपल्याला मारले नाही, ते नाव केवळ उच्चारास कठीण म्हणून टाकून देणे हा अविचार होय.

उच्चाराची अडचण खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. परदेशी कचेरीत आपले आडनाव तीन वेळा अक्षरे सांगून लिहावे लागते. अर्ज करताना अपरिचित नावाकडे दुर्लक्ष होते, अशी तरुणांची तक्रार आम्ही ऐकली आहे आणि ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. विवाहानंतर मुलींचे आडनाव बदलते आणि त्यांचे माहेरचे गाव कागदावरून पुसले जाते, हे तर आपणच आजवर बिनतक्रार चालवीत आलो. तेव्हा मुलांना दोष देताना थोडे खाली पाहावे. सिनेगॉगमध्ये सेफेर तोराजवळ बोलावताना आडनाव लागत नाही, 'अमुक बेन तमुक' एवढे पुरते, हेही खरे. परंतु त्या बोलावण्याने आपण कोणाचे हे कळते. कोठले हे कळत नाही. ते सांगणारा शब्द आपल्याजवळ एकच आहे.

र्युसेल्सहाइमच्या जुन्या कारखान्याच्या दाराशी आडाम ओपेलचा पुतळा आहे. हा त्याच गावच्या कुलूपवाल्याचा मुलगा. १८६२ साली चुलत्याच्या गोठ्यात बसून त्याने शिवणयंत्रे बनविण्यास आरंभ केला. पुढे सायकली आल्या आणि तो वारल्यावर १८९९ पासून त्याच्या मुलांनी मोटारी बनविल्या. १९२९ साली कारखाना अमेरिकन कंपनीकडे गेला, २०१७ साली फ्रेंच कंपनीकडे, आणि २०२१ पासून तो एका बहुराष्ट्रीय समूहाचा भाग आहे. मालक तीनदा बदलले. प्रत्येकाने नाव तेच ठेवले. भारतातही १९९६ पासून २००६ पर्यंत त्या नावाच्या गाड्या विकल्या गेल्या आणि मुंबईच्या लोकांनी ते नाव विनातक्रार उच्चारले. कुलूपवाल्याच्या पोराचे नाव जगाला उच्चारता आले ते सोपे होते म्हणून नव्हे. त्या नावाचे काम चांगले होते म्हणून. ओपेनहाइमर हे नाव काय सुटसुटीत आहे? परंतु ते चुकीचे उच्चारण्याची आज कोणाची छाती नाही.

केवळ उपदेश करून आम्ही थांबू इच्छित नाही. काही सूचना करतो. ज्यांनी गावाचे आडनाव अजून राखले आहे त्यांनी ते टाकू नये. ज्यांना दुसरे आडनाव घ्यावेच लागत असेल त्यांनी, जेथे कायदा परवानगी देतो तेथे, गावाचे नाव मधल्या नावाच्या जागी तरी ठेवावे. ज्यांच्या घरातून ते पूर्वीच गळाले आहे त्यांनी एखाद्या वृद्ध आत्याला किंवा मामाला विचारून ते शोधून काढावे. आणि ते लवकर करावे, कारण सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. घरात एक वही ठेवावी. तीत आजा-पणजाचे नाव, त्याचे गाव, आणि आजी-पणजीचे माहेरचे आडनाव, एवढे तरी मराठीत आणि हिब्रूत लिहून ठेवावे. विवाहाच्या पत्रिकेवर वधूच्या आईच्या माहेरचे आडनाव छापावे. कबरीच्या दगडावर हिब्रू नावाखाली गावाचे आडनाव कोरावे. या कशासही फारसा खर्च नाही.

निघण्याच्या दिवशी यजमानांचा मुलगा आम्हांस स्टेशनवर पोहोचवावयास आला. गाडीस अवकाश होता म्हणून बाकावर बसून त्याला माऊंटबॅटनची, माँटेग्यूची, ओपेनहाइमरची हकीकत सांगितली. तो ऐकत होता, मध्येच हसतही होता. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही एवढे सांगितलेत, पण आमचे गाव नेमके कोठे आहे ते मला बाबांनी कधी दाखविलेच नाही." आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलांनी नाव टाकले असे आपण म्हणतो. त्या नावामागील गाव त्यांच्या हाती आपण कधी दिले होते? त्याच्या खिशातील तिकिटाच्या पाठीवर आम्ही अलिबागचा किनारा काढला, खाडी काढली, आणि त्याच्या गावाच्या जागी एक ठिपका दिला. त्याने ते तिकीट पुन्हा खिशात ठेवले. तो इंग्लंडात कोणते आडनाव लावील ते आम्ही विचारले नाही. तो त्याचा अधिकार आहे. परंतु आपल्या वाचकांपैकी प्रत्येक आईबापाने आपल्या मुलाला असा एक ठिपका काढून द्यावा, एवढी आमची विनंती आहे.